घरच्या सर्व्हरचा जाच झालाय, बंद करू का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका गेली ११ वर्षं स्वतःची वेबसाइट चालवतात. झाडापाखरांच्या नोंदी, थोडं ललित लेखन, साइट वर्डप्रेसवर. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ती भाड्याच्या जागेतून (होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवरून) उचलून घरातल्या रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या संगणकावर आणली. पुढे त्याच यंत्रावर घरच्यांचे फोटो आले, फायलींची देवाणघेवाण आली आणि जाहिराती गाळणारा डीएनएसही (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा) आला. दोन महिन्यांपूर्वी वीज गेली आणि आल्यावर यंत्र उठलंच नाही. मायक्रोएसडी कार्ड गेलं होतं. शेवटचा बॅकअप पाच महिने जुना निघाला. त्या संध्याकाळी घरातलं इंटरनेटही बंद, कारण डीएनएस त्याच डब्यात. ‘अख्ख्या घराचं इंटरनेट तुझ्या छंदावर का टांगलंय?’ या नवऱ्याच्या प्रश्नाला त्यांना उत्तर देता आलं नाही. सहा महिन्यांत एकही नवीन नोंद लिहिलेली नाही. मांडणी मात्र सातव्यांदा बदलली, याची त्यांना लाज वाटते. आता चार डिस्कचं मोठं यंत्र घ्यावं, सगळं भाड्याच्या सर्व्हरवर न्यावं की सगळंच बंद करावं, असा पेच आहे. ‘भाड्याच्या जागेत गेले तर ते माझं कसं राहील?’ इथे त्या अडतात. ताजा कलम: मेलही घरूनच चालवावा असं मनात आहे.

कार्ड टाकून दिलं असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही, म्हणून आधी त्याचंच बोलू. ते परत पायमध्ये घालून सुरू करून बघू नका, आणि ‘दुरुस्त करू का?’ असं विचारणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला हो म्हणू नका. एसडी कार्ड मरताना बरेचदा लिहिणं सोडतं, वाचणं सोडत नाही. दुसऱ्या लिनक्स यंत्राला कार्ड रीडर लावा, कार्ड माउंट होऊ (म्हणजे यंत्राला ते आपोआप उघडू) देऊ नका, आणि डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरून अख्ख्या कार्डाची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, एका फाइलीत उतरवून घ्या. त्या प्रोग्रॅमला नोंद ठेवायला मॅपफाइल द्या, म्हणजे मध्येच अडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मग त्या इमेजची आणखी एक प्रत काढा आणि दुरुस्तीचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा.

रीडरला कार्ड दिसतच नसेल किंवा त्याचा आकार शून्य दाखवत असेल, तर घरगुती उपाय संपले. तरी नोंदी मिळायची आशा आहे. जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये स्वतःच्या साइटचा पत्ता टाकून बघा. तुमची आरएसएस फीड (नव्या नोंदी वाचकाच्या प्रोग्रॅमला आपोआप पोचवणारी यादी) वाचणारा एखादा वाचक ओळखीचा असेल तर त्यालाही विचारा. फीड रीडरमध्ये जुन्या नोंदी पूर्ण मजकुरासकट महिनोन्‌महिने पडून असतात, हे साइट चालवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

आता कार्ड गेलं कशानं, ते पाहू. मोठं यंत्र घ्यायचा विचार त्यावरच टिकतो किंवा पडतो. फ्लॅश मेमरीत चार किलोबाइट बदलायचे म्हटले तरी कार्डाला आतून कितीतरी मोठा ब्लॉक पुसून नव्याने लिहावा लागतो. कुठली माहिती कुठे ठेवली याचा तक्ताही कार्ड स्वतःच्या पोटातच बाळगतं. तुमच्या कार्डावर वर्डप्रेसचा डेटाबेस होता, फोटोंचा डेटाबेस होता, सिस्टमचे लॉग होते, आणि घरातल्या प्रत्येक फोनने विचारलेलं प्रत्येक नाव डीएनएसवाला प्रोग्रॅम लिहून ठेवत होता. म्हणजे दिवसरात्र बारीक बारीक लिहिणं. अशानं कार्ड झिजतं, आणि नेमका तो तक्ता लिहिला जात असताना वीज गेली तर एखादी फाइल जात नाही, कार्डच जातं.

तेव्हा यंत्र लहान होतं म्हणून हे घडलेलं नाही. लिहिण्याची जागा चुकीची होती, वीज गेली तर सावरायला काही नव्हतं, आणि बॅकअप जुना होता. त्यावर चार डिस्कचं रेड (एक डिस्क गेली तरी काम चालू राहील अशी डिस्कांची जोडणी) घेणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. रेड ही स्टेपनी आहे. पंक्चर झालं तर गाडी थांबत नाही. गाडीच चोरीला गेली तर स्टेपनीही तिच्याबरोबर जाते. चुकून पुसलेली फाइल रेड चारही डिस्कांवरून तितक्याच तत्परतेनं पुसतं. विजेचा हिशेबही करून ठेवा: सतत चालणारा १ वॅट म्हणजे वर्षाला ८.७६ युनिट. पाय ४ मोकळा बसलेला असताना साधारण ३ वॅट घेतो, म्हणजे वर्षाला २६ युनिट. चार फिरत्या डिस्कचं यंत्र ४० वॅट धरलं तर ३५० युनिट. एवढे फोटो असतील की एका डिस्कवर मावत नाहीत, तर ते यंत्र घ्या. धास्तीपोटी घेऊ नका.

भाड्याच्या जागेत साइट तुमची कशी राहील, या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: यंत्र घरात असलं की साइट आपली. पण यंत्र घरातच होतं, नजरेसमोर होतं, तरी पाच महिन्यांत साठलेलं तुमच्या हाती राहिलं नाही. शिवाय घरात बसूनही वीज दुसऱ्याची, इंटरनेटची जोडणी दुसऱ्याची, डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, नोंदणी दुसऱ्याकडे आणि साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट तिसऱ्याचं, हे चालतंच आहे. माझ्या मते साइट आपली असते ती तीन गोष्टींमुळे: डोमेन आपल्या नावावर असणं, सगळ्या मजकुराची प्रत साध्या फायलींत आपल्यापाशी असणं, आणि एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसायला फार तर एक दिवस लागणं. २००९ मध्ये लोकांना वेबपानं ठेवायला फुकट जागा देणारं जिओसिटीज बंद पडलं तेव्हा लोकांचं यंत्र नव्हतं हे खरंच, पण त्यांचा पत्तासुद्धा जिओसिटीजचाच होता. ज्यांच्यापाशी पानांची प्रत होती त्यांनाही वाचकांना नव्या जागी नेता आलं नाही. तुमचं डोमेन तुमचं आहे, मग यंत्र कुणाचं याला फारसा अर्थ उरत नाही. ते या यादीत चौथं.

नवऱ्याचा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि सगळ्या पत्राचं मर्म मला तिथेच दिसतं. तुम्ही एकाच डब्यात दोन जातीच्या गोष्टी कोंबल्यात. काही गोष्टींवर दुसरे लोक विसंबून आहेत: घराचं इंटरनेट, फोटो, वाचकांसाठी साइट. काही गोष्टी मोडून बघण्यासाठीच आहेत. खटपट करायची म्हणजे मोडणं आलंच, आणि आज एक मोडलं की दुसरंही बंद पडतं. म्हणून तुम्हाला खटपटीची भीती आणि घरच्यांना तुमच्या खटपटीची चीड. बंद करायचं की मोठं करायचं हे नंतर ठरवू. आधी या दोन गोष्टी वेगळ्या करा.

सर्वांत आधी डीएनएस. राउटरच्या डीएचसीपीत (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सोयीत) घरासाठी पुन्हा साधा, बाहेरचा डीएनएस द्या. जाहिराती गाळणारा पत्ता फक्त स्वतःच्या फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये हातानं घाला. घरच्यांनाही गाळणी हवी असेल तर दुसऱ्या छोट्या यंत्रावर तीच गाळणी बसवा आणि डीएचसीपीत दोन्हींचे पत्ते द्या. इथे एक सापळा आहे. पहिला पत्ता आपल्या गाळणीचा आणि दुसरा एखाद्या सार्वजनिक डीएनएसचा, असं पुष्कळ जण करतात, ‘पहिला बंद पडला तरच दुसरा वापरला जाईल’ या समजुतीनं. उपकरणं तो क्रम पाळतीलच असं नाही. काही दोन्हीकडे आळीपाळीनं विचारतात. मग जाहिराती कधी दिसतात, कधी नाही, आणि तुमची एक संध्याकाळ त्याचा शोध घेण्यात जाते.

आणखी एक खोच. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. काही तास वीज नसली तर ते जुन्या वेळेवर उठतं. तुमचा डीएनएस डीएनएसएसईसीच्या (उत्तर खरं असल्याच्या) सह्या तपासत असेल, तर चुकीच्या वेळेमुळे त्या सह्या अवैध ठरतात, नावांचे आकडी पत्ते मिळत नाहीत. पत्ता मिळत नाही म्हणून वेळ देणारा सर्व्हर सापडत नाही. तो सापडत नाही म्हणून घड्याळ लागत नाही. हे चक्र तोडायला वेळेच्या सर्व्हरचं नाव न देता आकडी पत्ता द्या. राउटर वेळ देत असेल तर त्याचाच द्या. वीज आल्यावर ‘इंटरनेट आहे पण काहीच उघडत नाही’ असं होतं त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

मग साइट. एकटी लिहिणारी व्यक्ती, दिवसाकाठी फार तर एक नोंद, वाचक फक्त वाचतात. याला डेटाबेस आणि पीएचपी (दर वेळी पान नव्यानं रचणारी भाषा) लागत नाही. सगळं मार्कडाउन (साध्या खुणांच्या मजकूर) फायलींत काढा आणि ह्यूगो किंवा इलेव्हंटीसारख्या साधनानं स्टॅटिक, म्हणजे आधीच रचून ठेवलेली, पानं तयार करा. फोडायला डेटाबेस नाही, लॉगिन नाही, प्लगइन नाहीत. तुमची साइट म्हणजे एक फोल्डर, आणि ते कुठेही चढवता येतं.

मराठी साइटवाल्यांना या स्थलांतरात हमखास नडतं ते पत्त्यांचं. वर्डप्रेस नोंदीचा देवनागरी पत्ता टक्केचिन्हांच्या रूपात साठवतं आणि त्या रकान्यात २०० जागा असतात. देवनागरीचं एकेक अक्षर, मात्रा, वेलांटी तिथे नऊ जागा खाते. त्यामुळे लांब मथळ्यांचे पत्ते बाविसाव्या चिन्हाच्या आसपास तुटलेले असतात. नवं साधन मथळ्यावरून पत्ता बनवताना पूर्ण मथळा घेतं, तुटका पत्ता कुठेच जुळत नाही आणि ११ वर्षांचे दुवे एका रात्रीत मरतात. म्हणून वर्डप्रेसच्या निर्यात फाइलीत प्रत्येक नोंदीचा जो पत्ता आहे तोच, तुटका असला तरी, जशाचा तसा मार्कडाउन फाइलीच्या डोक्यावर लिहून ठेवा. हे हातानं करू नका. एक छोटी स्क्रिप्ट लिहा. फीडमध्ये प्रत्येक नोंदीचा जो कायमचा ओळख-मजकूर असतो तोही जुनाच राहू द्या, नाहीतर वाचकांच्या फीड रीडरमध्ये शेकडो जुन्या नोंदी एकदम नव्या म्हणून कोसळतात.

जागा बदलण्याच्या आदल्या दिवशी डोमेनच्या नोंदीचा टीटीएल (जुना पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) ३०० सेकंदांवर आणा. नवी जागा तयार झाली की आधी फक्त आपल्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलीत नवा आकडी पत्ता घालून साइट डोळ्यांनी तपासा, मग डीएनएस बदला. बदलताना ए नोंदीबरोबर (साधा आकडी पत्ता) चौपट-ए नोंदही (नव्या पद्धतीचा, आयपीव्ही६ पत्ता) बदला किंवा काढून टाका. ती जुनीच राहिली तर आयपीव्ही६ वापरणारे वाचक जुन्या घरीच जातात, आणि तुम्हाला मात्र सगळं ठीक दिसतं. पानं चढवायला आरसिंक (फायली एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणारा प्रोग्रॅम) वापराल. त्यातली ‘मूळ फोल्डरात नाही ते सर्व्हरवरून पूस’ ही सोय सुरू करण्याआधी एकदा नुसती रंगीत तालीम करा. मूळ फोल्डरचा रस्ता चुकला तर ती अख्खी साइट पुसते, आणि तक्रारही करत नाही.

माझं मत विचाराल तर साइट भाड्याच्या जागेत न्या. वाचकांचं तुमच्या घरच्या विजेशी काही देणंघेणं नसावं. तरीही ती घरातच हवी असेल, तर आधी एक तपासणी करा. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता कितीतरी घरांत वाटलेला आहे आणि तुम्ही राउटरवर कितीही पोर्ट (आत येण्याची दारं) उघडलेत तरी बाहेरून कुणी आत येणार नाही. तुमची साइट इतके दिवस उघडत होती, म्हणजे आजवर तसं नसावं, पण सेवा देणारा हे कधीही बदलू शकतो. ‘काहीच न करता एके दिवशी बंद पडली’ अशा तक्रारीत हे पहिलं बघावं. साइट मोबाइल डेटावर उघडते पण घरच्या वायफायवर नाही, असं असेल तर सर्व्हर ठीक आहे; राउटरला स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावरून वळून आत येता येत नाही. घरातल्या डीएनएसमध्ये त्या नावाला आतला पत्ता दिला की भागतं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, आणि मुदत संपत आल्याची मेल पाठवणं त्यांनी जून २०२५ पासून बंद केलं आहे. आपोआप होणारं नूतनीकरण खरंच होतंय का, हे बाहेरून तपासणारं काहीतरी हवंच.

आता घरातला सर्व्हर. तो बंद करू नका. साइट आणि डीएनएस निघून गेले की त्याच्यावर फोटो, फायली आणि तुमचे प्रयोग एवढंच उरतं, आणि त्यासाठी पाय ४ पुरेसा आहे. फक्त त्याला कार्डावर विसंबू देऊ नका. छोटी एसएसडी निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावा आणि यंत्र तिच्यावरूनच सुरू होऊ द्या. पायच्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच मिळतो, तेव्हा एसएसडी चालेल, पण तिच्यासोबत दुसरी डिस्क लावायची तर तिला स्वतंत्र वीज हवी. ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा नीट अडॅप्टर वापरा. फोनचा चार्जर आणि लांब बारीक केबल ही कार्ड आणि डिस्क खराब होण्याची नेहमीची कारणं. व्होल्ट कमी पडल्याची तक्रार कर्नलच्या लॉगमध्ये येते, ती शोधा. एसएसडी मध्येच गायब होत असेल तर यूएसबी-साटा जोडणीची चिप संशयित धरा. काही चिपांचं यूएएस या जलद पद्धतीशी जमत नाही. त्या चिपेसाठी यूएएस बंद केलं की वेग थोडा घटतो, डिस्क मात्र टिकते.

घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर तोही चांगला पर्याय, कारण त्याची बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस. बायोसमध्ये किंवा टीएलपीमध्ये (लिनक्सवरचा वीज वाचवणारा प्रोग्रॅम) चार्जिंगची मर्यादा ६० ते ८० टक्क्यांवर ठेवा. वर्षानुवर्षं १०० टक्क्यांवर गरम राहिलेली बॅटरी फुगते. टचपॅड वर उचललं गेलेलं दिसलं तर त्याच दिवशी बॅटरी काढा. झाकण लावल्यावर यंत्र झोपू नये म्हणून लॉगइंड या लिनक्सच्या भागाच्या कॉन्फिग फाइलीत झाकणाच्या खटक्याला ‘इग्नोर’ लिहावं लागतं. पायच ठेवणार असाल तर यूएसबीनं निरोप देणारा छोटा यूपीएस घ्या आणि नेटवर्क यूपीएस टूल्स बसवा, म्हणजे बॅटरी संपत आली की यंत्र स्वतःहून नीट बंद होईल. राउटर आणि फायबरची पेटीही त्याच यूपीएसवर ठेवा. वीज गेली तरी घराचं इंटरनेट चालू राहिलं, की तुमच्या छंदाबद्दल घरचं मत बदलायला मदत होईल.

बॅकअपवर मात्र वेळ घालवा. फोटोंची आणि डेटाबेसची एक प्रत सर्व्हरवर, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी घराबाहेर, मग ती बहिणीच्या घरी ठेवलेली डिस्क असो की भाड्याची साठवण. रेस्टिक किंवा बॉर्ग या बॅकअपच्या प्रोग्रॅमांपैकी काहीही वापरा. दोन्ही फक्त बदललेला भाग साठवतात आणि कुलूपबंद करून ठेवतात. ७ दैनिक, ४ साप्ताहिक आणि १२ मासिक प्रती ठेवल्या तर जवळजवळ वर्षभरापूर्वी चुकून पुसलेलंही सापडतं. चालू डेटाबेसची फाइल नुसती उचलून ठेवू नका, ती अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत असू शकते. आधी डेटाबेसच्या स्वतःच्या साधनानं डंप (सगळ्या माहितीची सलग प्रत) काढा, मग त्याचा बॅकअप. बाहेरची डिस्क सुरुवातीच्या माउंट यादीत लिहिताना ‘नोफेल’ घाला, नाहीतर डिस्क काढलेली असताना यंत्र सुरूच होत नाही. बॅकअपच्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत डिस्क खरोखर माउंट झाली आहे का ते तपासा. झालेली नसेल तर स्क्रिप्ट त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे मूळ डिस्कवरच, सगळं ओतते. मूळ डिस्क भरते, सर्व्हर बंद पडतो, आणि बॅकअप झाला असंही वाटत राहतं.

कुलपाचा पासवर्ड कागदावर लिहून सर्व्हरपासून दूर ठेवा. तो सर्व्हरवरच असेल तर सर्व्हर गेल्यावर उरलेल्या दोन्ही प्रती निरुपयोगी. ‘बॅकअप फसला’ अशी मेल येईल यावर विसंबू नका. यंत्रच मेलं तर मेल पाठवणार कोण? उलटं करा: बॅकअप यशस्वी झाला की बाहेरच्या एखाद्या सेवेला हाक जावी, आणि ठरल्या वेळी हाक आली नाही तर त्या सेवेनं तुम्हाला कळवावं. तुमचा बॅकअप पाच महिने थांबलेला होता आणि कळलं नाही, ते याच फटीतून. दर तीन महिन्यांनी त्या प्रतीतून दहा फोटो आणि एक नोंद दुसऱ्या यंत्रावर परत आणून उघडून बघा. ही तपासणी एकदा होईपर्यंत घरच्या कुणीही फोनमधले फोटो पुसू नयेत, असं स्पष्ट सांगून ठेवा.

दारं बंद करण्याचं थोडक्यात. साइट बाहेर गेली की राउटरवर उघडं ठेवावं असं एकही वेब पोर्ट उरत नाही. बाहेरून घरातले फोटो बघायचे तर वायरगार्ड हा व्हीपीएन (घरापर्यंतचा खासगी, कुलूपबंद रस्ता) वापरा. त्याला एकच यूडीपी पोर्ट लागतं आणि अनोळखी माणसाला ते उत्तरच देत नाही. दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या एसएसएचवर किल्ली ठेवा, पासवर्ड बंद करा. डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरांत, चालवणारं साधन) वापरत असाल तर हे लक्षात ठेवा, की कंटेनरचं पोर्ट तुम्ही प्रकाशित केलंत की डॉकर आपले नियम स्वतः लिहितो आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलनं बंद केलेलं दारही उघडं राहतं. डेटाबेससारख्या गोष्टींचं पोर्ट प्रकाशित करताना पुढे १२७.०.०.१ (यंत्राचा स्वतःपुरता पत्ता) लिहा, किंवा प्रकाशितच करू नका.

सातव्यांदा मांडणी बदलल्याची लाज बाळगू नका. खटपट हा स्वतःच्या जिवावर उभा राहणारा छंद आहे, त्याला लिखाणाच्या उपयोगाचं प्रमाणपत्र लागत नाही. गोंधळ होतो तो खटपटीला लिखाणाची पूर्वतयारी म्हटल्यामुळे. मग मांडणी पूर्ण झाल्याशिवाय लिहायचं नाही आणि मांडणी पूर्ण कधीच होत नाही. एकदा मोजून बघा: मजकूर लिहून झाल्यापासून नोंद साइटवर दिसेपर्यंत किती पायऱ्या आहेत? फाइल जतन करणं आणि एक स्क्रिप्ट चालवणं, या दोनांपलीकडे काही असेल तर ते काढून टाकणं ही लिखाणासाठीची खटपट. फोटो लहान करणं, त्यातली जीपीएसची माहिती पुसणं हे त्या स्क्रिप्टलाच करू द्या. घरट्यांचे फोटो टाकत असाल तर ही दुसरी गोष्ट विसरू नका. घरटं नेमकं कुठे आहे ते फोटोच सांगत असतो. रंग, अक्षर, मेनू ही झाली आनंदासाठीची खटपट. ती गिटच्या (फायलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या) वेगळ्या शाखेत करा. तिथे सतराव्यांदा मांडणी बदललीत तरी वाचकांना आणि नोंदींना धक्का लागत नाही. प्रत्येक बदलाची तारीख आणि एक ओळ साध्या मजकूर-फाइलीत लिहीत जा. तीन महिन्यांनी ‘ही ओळ मी का घातली होती’ याचं उत्तर तिथेच मिळतं. आणि ज्या दिवशी हाताशी दोन मोकळे तास नाहीत त्या दिवशी अपग्रेड करू नका; झोपण्याआधी तर नाहीच.

नवऱ्यासाठी एक कागद लिहा, राउटरशेजारी चिकटवण्यासारखा. इंटरनेट बंद पडलं तर काय बंद करून सुरू करायचं, डीएनएस परत साधा कसा करायचा, फोटोंची दुसरी प्रत कुठे आहे, डोमेन कुठे नोंदलेलं आहे. तुम्ही आठवडाभर घरी नसताना त्याला तुमच्याशिवाय निभावता आलं पाहिजे. सर्व्हरच्या प्लगवर वेगळी चिठ्ठी हवी. यात काही कमीपणा नाही. सर्न या युरोपातल्या संशोधन केंद्रात वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या ज्या नेक्स्ट संगणकावर जगातला पहिला वेब सर्व्हर चालला, त्यावरही लाल शाईनं लिहिलेली चिठ्ठी होती: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका.

ताज्या कलमाचं उत्तर ताज्या कलमात.

ता. क. मेल घरून चालवू नका. येणारी मेल एक वेळ जमेल, कारण तुमचा सर्व्हर बंद असला तरी पाठवणारे सर्व्हर काही दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतात. जाणारी मेल जमत नाही. घरगुती जोडणीवर बाहेर जाणारं २५ क्रमांकाचं पोर्ट बरेचदा बंदच असतं. घरगुती पत्त्यांचे पट्टे ‘इथून थेट मेल येणं अपेक्षित नाही’ अशा याद्यांत आधीच नोंदलेले असतात. आकड्यावरून नाव सांगणारी उलटी डीएनएस नोंद सेवा देणाऱ्याच्या हातात असते. पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही नोंदी बिनचूक केल्यात तरी पत्र स्पॅममध्ये पडतं आणि तुम्हाला ते कळतही नाही. त्याऐवजी आपल्या डोमेनची मेल एखाद्या मेल-सेवेकडे ठेवा. एमएक्स नोंद (मेल कुठल्या सर्व्हरकडे जायची ते सांगणारी) तुमच्या हातात आहे, सेवा आवडली नाही तर बदलता येते. फक्त डोमेनच्या नोंदणीसाठी दिलेला मेलचा पत्ता त्याच डोमेनवरचा नको. नूतनीकरण चुकलं तर मुदत संपल्याची सूचना ज्या पेटीत यायची, ती पेटीच डोमेनबरोबर बंद झालेली असते. तुमचा तिथे आत्ता कुठला पत्ता आहे, तो आजच बघून घ्या.